पायोनियर, पायदळ आणि मेमी क्लार्क

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या मेमी फिप्स क्लार्कवरच्या एका लेखात 'आद्य कृष्णवर्णीय मानसोपचारतज्ज्ञ' असं छापलंय, तर इंग्रजी 'पायोनियर'ला मराठीत 'आद्य' चालतं का.

आधी ते मानसोपचारतज्ज्ञ खोडा बघू! तो सायकियाट्रिस्ट, डॉक्टरकी शिकलेला, गोळ्या लिहून देणारा. मेमीबाई मानसशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठाची १९४३ची पीएचडी. हा घोळ ऐकून ऐकून कान किटले.

आता पायोनियर. मजा बघा, जुन्या फ्रेंचमध्ये हा पायदळातला शिपाई, मुळाशी लॅटिनमधला पाय, म्हणजे आपला पाय, संस्कृतातला पदाति आणि फारसीतून आलेलं बुद्धिबळातलं प्यादं ही सगळी एकाच घरातली भावंडं. फौजेच्या पुढे कुदळ-फावडं घेऊन वाट करत जाणारा तो पायोनियर, ब्रिटिशांच्या लष्करात 'बॉम्बे पायोनियर्स' होतेच की. म्हणून 'अग्रणी' सुचवणाऱ्या पंडितांशी माझं कधीच जमत नाही, अग्रणी घोड्यावर असतो हो, त्याच्या हाताला कुठे माती लागते? माझा शब्द 'पायंडा पाडणारी', त्यात पायही आला आणि मेहनतही.

आणि 'आद्य' म्हटलं की मानसशास्त्रात डॉक्टरेट घेणारी पहिली काळी बाई कोण यावर भांडण. इनेझ बेव्हरली प्रॉसरने १९३३ला सिनसिनाटीतून डॉक्टरेट घेतली, पण ती शिक्षणशाखेची म्हणून काहीजण रूथ हॉवर्डला (मिनेसोटा, १९३४) पहिली धरतात. प्रॉसर बिचारी १९३४मध्येच मोटार अपघातात गेली, नाहीतर स्वतःच सांगितलं असतं.

कुदळ मात्र मेमीने खरंच चालवली. काळ्या लहानग्यांना स्वतःची ओळख कशी होते यावर तिचा एमएचा प्रबंध, त्यातूनच पुढे ती गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्यांची चाचणी. चांगली बाहुली कुठली, वाईट कुठली हे विचारून झाल्यावर (बरीच पोरं वाईट म्हणून तपकिरीच दाखवायची) शेवटी 'तुझ्यासारखी दिसते ती दे' म्हटलं की काही पोरं रडायलाच लागायची. कोलंबियातला तिचा गाइड हेन्री गॅरेट काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळांचा कट्टर समर्थक, व्हर्जिनियातल्या खटल्यात त्याने त्या बाजूने साक्ष दिली आणि ती खोडायला कोर्टात उभी राहिली ती हीच. तो खटला पुढे १९५४च्या ब्राउन निकालात आला, म्हणजे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने अशा वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या त्या निकालात.

तरी लोक 'केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी' असंच लिहितात, मूळ काम मेमीचं होतं हे केनेथ स्वतः सांगायचे तरीही.

'कृष्णवर्णीय' राहू द्या, चालेल.