कोठ्याले दुकान लावलं, आता काय करू?

(वाचकांचे प्रश्न या महिन्यात टॅक्स, घरकुल अन् लेआउटचेच जास्त आलेत म्हणून बाकीचे पुढच्या अंकात घेऊ. नावं छापत नाही, गावात राहायचं असते प्रत्येकाला.)

प्रश्न : भाऊ, आमची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. आता नवीन टॅक्सची नोटीस आली तं डोळेच पांढरे झाले. परवा मंगल कार्यालयात सगळ्याईले बोलावलं होतं, टॅक्स, घरकुल, नवीन लेआउट सगळे विषय एकाच दिवशी. मी माईक घेतला अन् सांगतलं का माह्या बैलाच्या कोठ्याले तुमी टॅक्सच्या कागदात दुकान लावलं म्हणून. लोकाईनं टाळ्या वाजवल्या, साहेब म्हणे लेखी अर्ज द्या. मंग येवढ्या लोकाईपुढं बोललो ते काय कामाचं? अन् टॅक्स भरलाच नाई तं काय होते? (वाशिम जिल्हा)

उत्तर : टाळ्या मिळाल्या ना, बस, त्या सभेतून तेवढंच मिळते. राग मानू नका पण ती मीटिंग म्हणजे सुनावणी नाही. नगरपंचायतीचा कारभार 1965 च्या नगरपरिषद कायद्यानं चालते अन् त्यात कलम 119 खाली नोटीस निघते, हरकत द्यायला किमान 30 दिवस मिळतात. ती हरकत कागदावर द्यायची, दोन प्रती करायच्या, एकीवर आवक शिक्का अन् तारीख घेऊनच यायचं. बाबू म्हणेल ठेवून जा, शिक्का उद्या मारतो, तर तिथंच बसून राहायचं. मुदत गेली अन् टॅक्स आकारणीची यादी कायम झाली की मग अपीलात जावं लागते अन् ती गंमत वेगळीच.

आता कोठ्याचं. ग्रामपंचायतीत 2015 च्या शेवटी नियम बदलले तेव्हापासून घराच्या भांडवली मूल्यावर टॅक्स लागतो, नगरपंचायतीत बहुतेक ठिकाणी हिशोब वेगळा, घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती येईल ते धरतात, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा अन् उरलं त्याच्यावर टक्केवारी. समजा तुमचं घर 50 चौरस मीटर, दर महिन्याला मीटरमागे 10 रुपये धरला, तर वर्षाचे 6000, वजा 10 टक्के, राहिले 5400. टॅक्स समजा 24 टक्के तर 1296 रुपये. अन् कोठा 30 मीटरचा पण दुकान म्हणून दर 25 रुपये, वर्षाचे 9000, वजा जाऊन 8100, टॅक्स 1944. म्हणजे माणसं राहतात त्या घरापेक्षा बैलाचा टॅक्स जास्त! (आकडे समजायसाठी धरले, तुमच्या झोनचा दर नोटिशीत किंवा ऑफिसात पाहा.) वरून बिगर निवासी म्हटलं की रोजगार हमी कर पण मागं लागू शकते.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगत असतो की दर जास्त आहे दर जास्त आहे करून बोंबलण्यात अर्धा दिवस घालवू नका, दर एकट्या माणसाच्या बोंबलण्यानं हलत नाही. तुमच्या हातात आहे ते टॅक्सच्या रजिस्टरमधल्या तीन रकान्यांत : मोजमाप, बांधकामाचा प्रकार, वापर. कवेलूचं घर स्लॅबचं लिहिलं का, आंगन बांधकामात धरलं का, कोठा दुकान झाला का. तेवढं तपासा.

आमच्या घरी हेच झालं होतं. मोजणीवाली पोरं भर दुपारी आली, बाबा वावरात, घरी एकटी आई, टेपचं दुसरं टोक धरलं शेजारच्या सातवीतल्या पोरानं. ओसरी मोजली, न्हाणी मोजली, पऱ्हाटी अन् कुटार ठेवायचं टिनाचं शेड पण मोजलं. त्या शेडच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कोण्या बियाण्याच्या कंपनीनं कधीतरी जाहिरात रंगवून दिली होती, पैसे नाही का काही नाही, फुकटात भिंत रंगून भेटते म्हणून बाबांनी हो म्हटलं होतं. ते पाहून वापराच्या रकान्यात पडलं 'वाणिज्य'. आम्ही हरकतीसोबत शेडचा फोटो लावला, आत कुटार अन् वर बसलेली कोंबडी. सुनावणीत साहेबांनी फोटो पाहिला, हसले अन् पेननं खोडून 'निवासी' केलं. तीन मिनिटं लागली नसतील. पण शेडचं मोजमाप काही कमी झालं नाही, ते आम्ही अर्जात लिहिलंच नव्हतं ना, म्हणून जे जे चुकलं ते सगळं पहिल्याच अर्जात टाका.

टॅक्स न भरण्याचं म्हणाल तर तो नाद सोडा. नगरपंचायतीत थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, वर्षाला 24 झाले, सावकार बरा म्हणायची पाळी. वादातली रक्कम वेगळी लिहून द्या पण जुन्या दरानं होते तेवढा तरी भरून पावती ठेवा.

प्रश्न : ताई, आम्ही तीस वर्षापासून सरकारी जागेवर राहतो, दरवर्षी घरपट्टी भरतो, सगळ्या पावत्या आहे. घरकुलाच्या यादीत नाव आलं पण ग्रामसेवक म्हणतात जागा नावावर नाही. मग घरपट्टी कशाची घेत होते? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे अन् उत्तर तुम्हाला आवडणार नाही. (अन् हो, मी ताईच, वरचे भाऊ 'भाऊ' लिहून मोकळे झाले.) घरपट्टी ही घराची असते, जागेची मालकी तिनं होत नाही. नमुना 8 ला नाव आहे म्हणजे टॅक्स कोणाकडून घ्यायचा ते पंचायतीनं लिहून ठेवलं, एवढाच त्याचा अर्थ. लोक नमुना 8 ला सातबाऱ्यासारखं जपून ट्रंकेत ठेवतात, त्यावर सोयरीकही जमते, पण मालकीच्या भांडणात तेवढ्यानं भागत नाही.

तरी त्या पावत्या फेकू नका, त्याच तुमच्या कामाच्या आहे. 1 जानेवारी 2011 च्या आधीपासूनचं राहण्याचं अतिक्रमण नियमानुकूल (म्हणजे कायदेशीर) करायचा शासनाचा 2018 चा निर्णय आहे, अन् तुम्ही त्याच्या आधीपासून तिथं राहता हे दाखवायला जुनी घरपट्टी पावती, लाईट बिल, मतदार यादी हेच लागते. अर्ज ग्रामपंचायतीतून करायचा. जागा गायरानाची (गुरं चारायची) असेल तर मात्र गाडी अडू शकते, तलाठ्याकडून गट नंबर काढून आधी खात्री करा.

ते नाहीच जमलं तर पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत आहे. आता रस्त्याकडेला 1 लाखात किती जागा येते ते मी तुम्हाला काय सांगू, पण गावठाणाच्या मागच्या बाजूला कोणी भाऊबंद देत असेल तर जमू शकते. घरकुलाचे मूळ 1 लाख 20 हजार हप्त्याहप्त्यानं येतात, तेव्हा उधारीवर सिमेंट घेताना दुकानदाराला हे आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : समृद्धी महामार्गाच्या इंटरचेंजपासून (चढा-उतरायच्या जागेपासून) जवळ म्हणून लेआउटमध्ये प्लॉट घेतला. रस्ता नाही, नाली नाही, दिवा नाही. तरी मोकळ्या प्लॉटचा टॅक्स आला. सुविधा द्या मग टॅक्स घ्या असं सभेत सांगितलं तर गावातले लोकच माझ्यावर धावून आले. (वर्धा जिल्हा, सध्या पुणे)

उत्तर : धावून आले कारण त्यांची बाजू पण आहे दादा. डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी रस्ता सुरू झाला अन् इंटरचेंजच्या आजूबाजूला तुरीच्या वावरात खुंट्या ठोकल्या गेल्या. मोकळ्या जागेलाही टॅक्स लागतो, ते नियमात आहेच. तुमच्यासारखे अर्धे मालक नागपूर पुण्यात, टॅक्स भरत नाही, प्लॉटवर गाजर गवत, अन् पंचायतीनं लेआउटमध्ये दिवे लावायचे ते जुन्या गावच्या घरपट्टीतून. म्हातारी म्हणते मी टॅक्स भरते अन् दिवा पुण्यावाल्याच्या बाभळीवर, तर तिचं काय चुकलं?

पण रस्ता नालीचं तुमचं म्हणणंही खरं आहे, फक्त दार चुकीचं ठोठावलं. मंजूर लेआउट असेल तर आतले रस्ते नाल्या करून द्यायचं काम लेआउटवाल्याचं असते, 10 टक्के मोकळी जागा पण सोडायची असते. मंजुरीचा आदेश अन् नकाशा मागवा, त्यातल्या अटी वाचा. एनए (बिगरशेती) आदेशच नसेल, नुसती स्टॅम्प पेपरवर इसारपावती असेल, तर टॅक्सचं सोडा, आधी वकील गाठा. टॅक्स भरला म्हणून बेकायदा लेआउट कायदेशीर होत नाही.

अन् ग्रामपंचायतीत वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यात भरलं तर 5 टक्के सूट आहे, तेवढी घ्या.

प्रश्न : ग्रामसभेत टॅक्सचा विषय काढला की सरपंच म्हणतात कोरम नाही. (बुलडाणा जिल्हा)

उत्तर : कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, जे कमी असेल ते. शंभर माणसं तर तेरवीला सहज जमतात. अन् तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, तेव्हा पहिल्या सभेच्या विषयपत्रिकेवरच विषय लेखी टाकून ठेवा. एक गंमत सांगते, मागणी बिल आल्यावर तीन महिन्यात टॅक्स नाही भरला तर ग्रामपंचायत सदस्याचं पद जाऊ शकते. सभेत थकबाकीदारांची यादी वाचून दाखवा म्हणा, अन् पहिले सदस्यांची वाचा म्हणा.