सातबाऱ्यावरचं ‘अज्ञान’

प्रश्न असा आला आहे : जुन्या सातबाऱ्यावर वडिलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असा शेरा आहे. त्यातला ‘अ’ म्हणजे ‘अज्ञान’. वडील तेव्हा चौदा वर्षांचे आणि वर्गात हुशार. मग ते अज्ञान कसे?

अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस अज्ञान आहे आणि त्याच्या वतीनं आई पाहते, एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ. वडिलांच्या हुशारीबद्दल त्यात काहीच म्हटलेलं नाही. ज्याला वयामुळे स्वतःच्या सहीनं जमीन विकता येत नाही, करार करता येत नाही, तो कायद्याच्या मराठीत अज्ञान. अठरा पूर्ण झाले की सज्ञान.

पण वयासाठी ‘ज्ञान’ कुठून आलं? हा विचार फार जुना आहे. नारदस्मृती सांगते, आठव्या वर्षापर्यंत मूल गर्भातल्यासारखंच समजावं, सोळापर्यंत ते बाल, त्यालाच पौगंड म्हणतात, आणि पुढे तो ‘व्यवहारज्ञ’. म्हणजे देण्याघेण्यातलं, दाव्यातलं ज्याला कळतं तो. (आज आपण पौगंडावस्था म्हणतो ती एकोणीस वर्षांपर्यंत ताणली जाते, नारदाचा पौगंड सोळालाच संपतो.)

बोलीत मात्र आकडा नव्हताच. पोरगं ‘कळतं झालं’, ‘हाताशी आलं’, म्हणजे औताला, दुकानाला उपयोगी पडू लागलं. मुलीच्या बाबतीत वेगळंच. पाळी आली की ती ‘शहाणी झाली’. बारा वर्षांच्या पोरीच्या शरीरातल्या बदलाला शहाणपण म्हणायचं आणि तिच्या सासरी जाण्याची तयारी सुरू करायची, हे मला आजही अस्वस्थ करतं.

कायद्यानंही तेव्हा तिला वाऱ्यावरच सोडलं. 1875 च्या कायद्यानं सज्ञानतेचं वय अठरा ठरवलं, पण लग्न, घटस्फोट आणि दत्तक या बाबी त्यातून वगळल्या. त्यामुळे जमिनीच्या कागदावर अज्ञान असलेली मुलगी बोहल्यावर चालत होती. संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला मुलीची संमती कायद्यानं ग्राह्य धरण्याचं वय, 1891 मध्ये दहाचं बारा झालं, तेही केवढ्या वादळानंतर! मुलीच्या लग्नाला किमान चौदा वर्षं हवीत हे 1929 च्या शारदा कायद्यानं सांगितलं. अठरा व्हायला 1978 उजाडलं.

वर्तमानपत्रं ‘अल्पवयीन’ लिहितात. बातमीत तोच शब्द योग्य, कारण तो फक्त वय सांगतो, समज मोजत नाही. सातबाऱ्यावर ‘अज्ञान’ असायला माझी हरकत नाही, तिथे प्रश्न व्यवहाराचाच आहे. फक्त तो आद्याक्षरांत दडवू नये, पूर्ण लिहावा.

आणि वारस अठराचा झाला म्हणून शेरा आपोआप जात नाही. जन्मतारखेचा पुरावा जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. या फेरफाराला दफ्तरात ‘अ.पा.क. शेरा कमी करणे’ म्हणतात. तुमच्या उताऱ्यावर तो अजून असेल तर तेवढं करून घ्या.