गच्चीतलं सागवानी बाकडं आणि ६५ हजारांचा नवा सेट

प्रश्न: माहीमला आमच्या गच्चीत सागवानी बाकडं, दोन खुर्च्या आणि टीपॉय आहे. ९ वर्षांपूर्वी सुताराकडून ४२,००० रुपयांत करून घेतलं, पॉलिश कधीच केलं नाही. यंदाच्या पावसानंतर सगळं करडं पडलंय, स्क्रूभोवती काळे डाग आलेत. मुलगा म्हणतो, ६५,००० चा नवा सेट १२ महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ. रोख दिले तर दुकानदार ६०,००० ला देतोय. एक जण वर्षाला १२,००० रुपयांत मशीनने धुऊन तेल लावायचं कंत्राट मागतोय. यजमान मार्चमध्ये ६० पूर्ण करून निवृत्त होतील. डिसेंबरमध्ये ७०,००० ची एफडी सुटतेय. काय करावं?

उत्तर: ताई, आधी घरातला एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि बाकडं आडवं करा. फरशीला टेकणाऱ्या पायांच्या तळाशी टोक दाबून बघा. उघड्यावरचं सागवान कुजायला लागतं ते तिथून, कारण साचलेलं पाणी तिथेच शोषलं जातं. टोक आत रुतलं नाही, तर तुमचं सामान धडधाकट आहे. करडेपणा उन्हाने आलेला असतो आणि तो वरच्या पातळ थरापुरताच. काळे डाग लोखंडी स्क्रूंचे: ओलं लोखंड आणि लाकडातलं टॅनिन (लाकडात मुळातच असणारं तुरट द्रव्य) एकत्र आलं की असा डाग पडतो. म्हणजे बदलायचे आहेत ते स्क्रू. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्या.

आता पैशांचं बघू. नो कॉस्ट म्हणतात, पण रोखीत ६०,००० आणि हप्त्यांत ६५,००० असेल तर ते ५,००० म्हणजे व्याजच. महिन्याला ५,४१७ चा हप्ता धरला तर वार्षिक दर १५ टक्क्यांच्या आसपास जातो. प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. त्यात शेवटचे बरेचसे हप्ते निवृत्तीनंतर, पगार थांबल्यावर जातील. मला हे मुळीच पटत नाही.

कंत्राटाला माझा विरोध त्याहून जास्त आहे. ५ वर्षांचे ६०,००० होतात, म्हणजे नव्या सेटची रोख किंमत. शिवाय मशीनने धुतल्यावर नुकसान होतं. माझ्या स्वतःच्या बाकड्यावर एकदा जोराच्या फवाऱ्याचं मशीन चालवून घेतलं. लाकडातला मऊ भाग उडाला, कडक शिरा फणीच्या दातांसारख्या वर आल्या आणि साडी अडकायला लागली. घासून पुन्हा गुळगुळीत करायला सुताराचे दोन दिवस गेले. तेलाचंही तसंच: सागवानात स्वतःचं तेल असतं, आणि मुंबईच्या दमट हवेत वरून लावलेल्या तेलावर बुरशी धरते. मी तरी लाकूड उघडंच ठेवते.

ऑक्टोबरचं ऊन लागलं की कोमट पाण्यात थोडा भांड्यांचा साबण घाला आणि मऊ ब्रशने लाकडाच्या रेषेच्या दिशेने धुवा, आडवं घासू नका. तारेची घासणी तर अजिबात नको, तिचे कण लाकडात अडकून गंजतात आणि नवे डाग पडतात. ब्लीचही नको. दोन-तीन दिवस वाळू द्या. जिथे खरखरीत लागेल तिथेच १२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. पायांना रबरी टोप्या बसवा. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आत वाफ धरते. वरून झाकायचं, खालून वारा खेळायला हवा. हौसेने कधी अळशीचं तेल लावलंच, तर त्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा.

सुताराचा एक दिवस, स्क्रू आणि टोप्या मिळून दरवर्षी ३,००० लागले असं सढळ हाताने धरू. आणखी ६ वर्षं हे सामान टिकलं तर ४२,००० अधिक १८,०००, म्हणजे १५ वर्षांत ६०,०००: वर्षाला ४,०००. नवा सेट रोखीने घेऊन ९ वर्षं चालला तरी वर्षाला ६,६६७ पडतात, देखभाल वेगळीच.

स्क्रू ड्रायव्हर रुतलाच, तर कुजलेला पायाचा तुकडा कापून तिथे नवा जोडून घ्या. सागवानात हे सर्रास करतात. चारही पाय आणि सांधे गेले असतील तरच नव्याचा विचार करा, तोही रोखीने.

डिसेंबरमध्ये सुटणारे ७०,००० मार्चपर्यंत छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा. यजमानांना ६० पूर्ण झाल्यावर ते त्यांच्या नावाने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. मुदत ५ वर्षांची आणि दर तिमाहीला व्याज हातात येतं. सुताराचे पैसे त्यातूनच निघतील.