कंसातली मांजर

पत्र: ताई, मी सव्वीस वर्षांची. पुण्यात इंग्रजी साहित्यात एम. ए. केलं, आता एका कॉलेजात शिकवते. माझं ज्याच्यावर प्रेम आहे त्याला कुणी समजूनच घेत नाही. लहानपणी त्यानं फार सोसलंय. त्याच्या पहिल्या प्रेयसीनं पैसेवाल्याशी लग्न केलं, ती जखम अजून भरलेली नाही. रागीट आहे, पण प्रेम करतो ते जीव ओतून. ‘वदरिंग हाइट्स’ शिकवताना मला पानोपानी तोच दिसतो. (माझी मांजर चिंगी सध्या सांगलीला आईकडे आहे. एकदा रागाच्या भरात त्यानं तिला जिन्यावरून फेकलं, मग स्वतःच किती रडला. आईला मी ॲलर्जीचं सांगितलंय.) त्याला पक्की नोकरी नाही म्हणून घरचे विरोध करणार. आम्ही रजिस्टर लग्नाची नोटीस दिली आहे, पुढच्या महिन्यात सह्या. असं प्रेम एकदाच मिळतं ना? घरी आधी सांगू की नंतर? – त्याची कॅथरिन

उत्तर:

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या कंसापाशी अडकले. तीन छोटी वाक्यं, जाता जाता टाकलेली. मला बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच.

तू एमिली ब्राँटेची ही कादंबरी शिकवतेस, म्हणजे बारावं प्रकरण तुझ्या हाताखालून गेलंय. नायक हीथक्लिफ, त्याच्या लहानपणच्या कॅथरिननं श्रीमंत एडगर लिंटनशी लग्न केलेलं, आणि एडगरची बहीण इझाबेला याच हीथक्लिफबरोबर पळून जाते ती रात्र. लिंटनांच्या घरी कामाला असलेली, ही गोष्ट सांगणारी नेली डीन बागेतून रस्त्याकडे निघालेली असते आणि भिंतीतल्या घोड्याचा लगाम अडकवायच्या हुकाला काहीतरी पांढरं हलताना दिसतं. वारा तर नाही. जवळ जाऊन बघते तर इझाबेलाची कुत्री, फॅनी, रुमालानं लटकवलेली, शेवटच्या घटका मोजत. नेली तिला सोडवते. हे कुणी केलं ते आपल्याला दोन प्रकरणांनंतर कळतं, खुद्द हीथक्लिफच्या तोंडून आणि इझाबेलाच्या समोर. घरातून बाहेर पडल्यावर हिनं मला पहिलं काम करताना पाहिलं ते तिच्या कुत्रीला फास लावण्याचं, असं तो म्हणतो. ती गयावया करत होती तेव्हा तो तिला म्हणाला होता की तुझ्या सगळ्या माणसांना मी असंच टांगलं असतं, एक जण सोडून. तो एक जण म्हणजे आपण, असं बहुधा हिला वाटलं असेल, असंही तो नेलीला सांगतो.

आणि इतकं पाहून ती त्याच्याबरोबर गेली. हीथक्लिफ तिला हसतो ते याचसाठी, की हिनं मला प्रेमकथेतला नायक समजून घर सोडलं. हे वाक्य वर्गात शिकवताना तुझा आवाज अडला नाही का गं?

तू खाली सही केलीस ‘त्याची कॅथरिन’. नाही, तू कॅथरिन नाहीस. कॅथरिनची जागा तुझ्याच पत्रात भरलेली आहे: ती पैसेवाल्याशी लग्न करून गेली आणि तो अजून तिच्यासाठी झुरतोय. पत्रात उरली ती दुसरी मुलगी, त्या झुरण्याला भुलून आलेली. तू इझाबेला आहेस.

या प्रेमाची ओढ मला कळत नाही असं समजू नकोस. ‘मीच हीथक्लिफ आहे’ असं कॅथरिन नेलीला सांगते, ते वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण त्या दोघांचं जे काही होतं ते लहानपणी माळावर एकत्र हुंदडताना झालेलं होतं, आणि त्यात तिसऱ्याला जागाच नव्हती. तिसऱ्याच्या वाट्याला नुसता राग आला. खुद्द कॅथरिन इझाबेलाला बजावते की हा माणूस वरून खडबडीत आणि आतून मोती असा मुळीच नाही, हा लांडगा आहे. तू त्याच्यावर जीव लावणं म्हणजे पिंजऱ्यातली कॅनरी भर हिवाळ्यात बागेत सोडून देणं. इझाबेलाला वाटतं, ही मत्सरानं बोलतेय.

एमिली ब्राँटे बायरनच्या कवितांवर वाढलेली मुलगी. दुखावलेला, काळोखा, जगावर सूड उगवणारा आणि एकीवरच जीव टाकणारा नायक तिच्या पिढीनं डोक्यावर घेतला होता. एमिलीनं १८४७च्या डिसेंबरात, एलिस बेल या टोपणनावानं, त्याच नायकाला कवितेतून उचलून एका खऱ्याखुऱ्या घरात राहायला आणलं आणि त्याच्या बायकोला लिहायला बसवलं. इझाबेलाचं ते पत्र तेराव्या प्रकरणात आहे. नव्या घरातली तिची पहिली रात्र झोपायला खोली नाही म्हणून खुर्चीत जाते. नेलीला ती विचारते: माझा नवरा माणूस आहे का? असेल तर वेडा आहे का? आणि नसेल तर सैतान आहे का? या पत्रासाठी मी एमिलीला फार मानते. हे पत्र तुझ्यासाठीच आहे, आणि तू ते ओलांडून पुन्हा पुन्हा माळावर पोचतेस.

आता जरा कडक बोलते. तू पत्रात स्वतःला सगळ्यांच्या विरोधात एकटी उभी असलेली दाखवलं आहेस. मला तशी दिसत नाहीस. मांजर जिन्यावरून फेकली गेली तेव्हा तू ती उचलून थेट सांगलीला पोचवलीस. म्हणजे धोका तुला त्याच दिवशी कळला होता, आणि जे करायचं तेही सुचलं होतं. फक्त घरातून हलली ती मांजर. माणूस राहिला, आणि त्याच्याबरोबर तू राहिलीस. मग आईला खोटं सांगितलंस. हे त्यानं करायला लावलं नाही, हे तुझं तू केलंस. तो रडला हे तू लिहिलंस, चिंगीला काय लागलं ते लिहिलं नाहीस. लंगडत होती का? खात होती का? एकीकडे जिन्याखाली जनावर पडलेलं आणि तू वर त्याचे डोळे पुसत बसलेली, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

इझाबेला शेवटी पळते. जेवणाची सुरी तिच्या कानाखाली लागलेली असते, अंगात पातळ रेशमी कपडे आणि बाहेर थंडी. दारातून निसटताना ती त्याच घरात वाढणाऱ्या, कॅथरिनच्या छोट्या भाच्याला, हेअरटनला धडकते. तो मुलगा तेव्हा काय करत असतो ठाऊक आहे ना? खुर्चीच्या पाठीला कुत्र्याची पिल्लं टांगत असतो. घरात जे चालतं ते मूल शिकतं, एमिलीला हे माहीत होतं. मग इझाबेला लग्नाची अंगठी निखाऱ्यात टाकते आणि दक्षिणेला लंडनच्या बाजूला निघून जाते. तिथे मुलगा होतो. तो बारा वर्षांचा असताना ती मरते, मामा पोराला घरी आणतो आणि त्याच संध्याकाळी हीथक्लिफचा माणूस पोराला मागायला दारात हजर. तेव्हा मुलावर कायद्यानं हक्क बापाचा. घटस्फोटासाठी इंग्लंडात १८५७च्या कायद्यापर्यंत थेट पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागे. अंगठी जाळून इझाबेला मोकळी झाली नव्हती.

तू आज मोकळी आहेस. नोटीस दिली म्हणजे लग्न झालं नाही. नोटिशीनंतरचे ते तीस दिवस असतातच थांबायला. सह्या होईपर्यंत तू त्याची कायद्यानं कुणीही नाहीस, आणि ती सही तू करायची नाहीस.

तू विचारलंस घरी आधी सांगू की नंतर. लग्नाचं काही सांगूच नकोस. आज रात्री आईला फोन कर आणि चिंगी तिच्याकडे का आली ते सांग. बाकी काही सजवू नकोस, त्याचं बालपण सांगत बसू नकोस. ते सांगितल्याशिवाय त्याला भेटू नकोस, आणि पुढेही एकटी भेटू नकोस. तो दारात येऊन बसला, धमकावायला लागला, तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर.

फोनवर तुला रडू येईल. येऊ दे. सुरुवात जमेना तर ‘आई, ॲलर्जी नव्हती’ एवढंच म्हण आणि थांब. ती विचारेल मांजर कुठल्या मजल्यावरून फेकली. तेही सांग.