सोंग म्हणजे ढोंग नव्हे

प्रश्न असा आला आहे: "आमच्या पुण्यातल्या हौशी नाट्यसंस्थेनं वगाचा प्रयोग बसवला. कार्यक्रमपत्रिकेत एकाच्या नावापुढे 'सोंगाड्या' छापलं, तर तो रुसून बसला. म्हणतो, मी कलाकार आहे, सोंगाड्या नाही. हा शब्द खरंच हलका आहे का? दुसरा कुठला छापावा?"

तमाशात सोंगाड्या हे पद आहे, शिवी नव्हे. सरदार, नाच्या, ढोलकीवाला, तसा सोंगाड्या. गण-गौळण आटोपली की बतावणीत, म्हणजे विनोदी संवादांच्या भागात, आणि पुढे वगात, म्हणजे तमाशातल्या नाट्यात, हजरजबाबीपणावर फड उचलून धरतो तो हा गडी. समोरच्या प्रेक्षकानं टाकलेला शब्द जागच्या जागी परतवायचा, तोही लयीत, हे येरागबाळ्याचं काम नाही. त्यामुळे तुमच्या नटाला सांगा, बढती मिळाली आहे. एवढ्यावर हा मुद्दा संपला. माझं भांडण निराळंच आहे.

निवडणुका आल्या की मोबाइलवर हटकून येतं: 'रात्र थोडी, सोंगं फार!' आणि खाली टोप्या बदलणाऱ्या पुढाऱ्यांची चित्रं. परवा एका एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनीही भाषणात हीच म्हण 'ढोंगी माणसं फार झालीत' या अर्थानं ठोकून दिली आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या! अहो, या म्हणीत ढोंगी कुणी नाहीच. वेळ कमी, कामं फार, एवढाच तिचा अर्थ. ती आली आहे रात्रभर चालणाऱ्या खेळांतून. उत्सवाच्या शेवटच्या रात्रीचं ललित घ्या, कोकणातला दशावतार घ्या, नाहीतर नाशिक-पालघरकडचा बोहाडा. बोहाड्यात मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर एकेक देव-दानव मुखवटा चढवून येतो, नाचतो आणि जातो. तिकडे सोंग 'करत' नाहीत, 'नाचवतात'. अमुक सोंगाचा मान अमुक घराण्याचा, असंही बऱ्याच गावी ठरलेलं असतं. उजाडायच्या आत सगळी सोंगं नाचून व्हायला हवीत आणि इकडे रात्र सरत आलेली, ही त्या म्हणीतली घालमेल. तिथं दांभिकपणा कुठून घुसवता?

एकनाथांची भारुडं आठवा. भारुडाच्या एका प्रकाराचं नावच सोंगी भारूड. वासुदेव, जोशी, गोंधळी, आंधळा असं एकेक सोंग घ्यायचं आणि त्या माणसाच्या तोंडून परमार्थ सांगायचा. म्हणजे सर्वांत खरं बोलायचं असेल तेव्हा सोंग घ्यायचं! जुन्या मराठीत सोंग 'संपादतात', आणि संपादणी म्हणजे सोंग वठवणं. (संपादक मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.)

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सोंग आलं 'स्वांग'वरून, असं मी मानतो. हिंदीत ते स्वाँग म्हणून जवळजवळ तसंच राहिलं, आपल्याकडे घासून घासून सोंग झालं. नवनीताचं लोणी झालं, लवणाचं लोण झालं, त्याच वळणानं. (सवंग वेगळा. तो समर्घचा मुलगा आणि महागाचा भाऊ, त्याला यात ओढू नका.) आणि स्वांग म्हणजे काय? स्व आणि अंग. स्वतःचं अंग! पाणिनीनं तर 'स्वाङ्ग' ही व्याकरणातली संज्ञाच करून टाकली आहे, शरीराच्या अवयवासाठी. आपल्या स्वतःच्या हातापायांचा हा शब्द, आणि तोच फिरत फिरत दुसऱ्याचं रूप घेण्याचा शब्द झाला. मला तर या प्रवासापुढे दुसरी कुठलीच व्युत्पत्ती गोड लागत नाही.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त भाषाशिक्षक मात्र हट्टानं सांगतात की हा 'सु + अंग', म्हणजे नटवलेलं, सुंदर केलेलं अंग. मुळात संधीच जुळत नाही: सु + अंग म्हणजे 'स्वंग', 'स्वांग' नव्हे. आणि संधी जुळला असता, तरी तेवढ्यानं अर्थ जुळतो असं कुठल्या शाळेत शिकवतात? वेताळाचं सोंग असतं, पूतनेचं असतं, संकासुराचं असतं. यात 'सु' कुठे शोधायचा? यावर त्यांनी 'कलेच्या दृष्टीनं सुंदर' असं उत्तर दिलं. अशा उत्तरानं कुठलीही व्युत्पत्ती सिद्ध होईल.

माझ्या बाजूनं अख्खी मराठी उभी आहे, कारण आपण कलेचं सगळं अंगावरच मोजतो. विद्या अंगी बाणते, भूमिका अंगात मुरते, देव अंगात येतो. सतारवादक 'गायकी अंगानं' वाजवतो, गाणारीच्या गळ्याला 'ठुमरीचं अंग' असतं. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात कान टवकारून बसा, वडापावच्या रांगेतसुद्धा ही भाषा ऐकू येते.

जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची तैलचित्रं आहेत. एक स्त्रीवेशातलं, एक पुरुषवेशातलं. यातलं खरं कुठलं, असं विचारणारा माणूस नाटकवाला नव्हे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, या माणसाचा हात, मान, गळा दोन्हीकडे तोच. रुक्मिणी झाली ती त्याच अंगाची. याला ढोंग म्हणायची छाती आहे का कुणाची? कुमार गंधर्व लहानपणी ध्वनिमुद्रिका ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं हुबेहूब गाऊन दाखवत. दुसऱ्यांची ही गळ्यातली सोंगंच. पुढे क्षयानं गाणं थांबलं, देवासला राहणं झालं, माळव्याच्या लोकधुना कानावर पडल्या, आणि त्यातून गाणं आलं ते कुणाचंच नव्हे असं, फक्त त्यांचं. नकलेला नाक मुरडणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

ढोंगात आणि सोंगात फरक इतकाच की सोंग पाहणाऱ्याला ठाऊक असतं. बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात येऊन दरडावतो तेव्हा आपण हसून पैसे देतो. तोच वेश घालून कुणी आजींच्या पाटल्या काढून घेतल्या की बातमी येते, 'पोलिस असल्याची बतावणी करून'. बिचारी बतावणी! तमाशातली चांगली सोंगाड्याच्या हक्काची जागा, तिला गुन्हेवृत्तात नेऊन बसवलं. फसवण्यासाठी रूप घेणाऱ्याला मराठीत तोतया हा खणखणीत शब्द आहे की. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्याला याच पुण्यात 1776 मध्ये देहदंड झाला. त्याला कुणी सोंगाड्या म्हटलं नाही.

जाता जाता माझा एक लाडका तर्क. कॅरमची, सारीपाटाची सोंगटी. रंग लावलेली, पटावर कुणाची तरी जागा घेऊन उभी राहणारी. ही सोंगाचीच धाकटी लेक असावी असं मला राहून राहून वाटतं. वरच्या शिक्षकांना हे पटत नाही, आणि त्यामुळे मला जास्तच पटतं.

हां, कार्यक्रमपत्रिका. वग आहे ना? मग 'सोंगाड्या'च छापा. नाटक असतं तर 'नट' पुरला असता. 'कलाकार' हा शब्द हल्ली केकवर आयसिंग करणाऱ्यापासून सगळ्यांना लागतो, त्यातून कोण काय करतो ते कळत नाही. मात्र तुम्ही पाठवलेल्या त्याच पानावर खाली 'राजाची भूमिका निभावली' असं आहे, ते आधी खोडा. मराठीत भूमिका करतात, वठवतात, रंगवतात. निभावणं म्हणजे कसंबसं पार पाडणं: पाहुणे अचानक आले, पिठलं-भातावर निभावलं. तुमच्या राजानं रुसायला हवं होतं, आणि तो बिचारा गप्प आहे.