प्लिंथवर तू कधी झोपणार?

"ताई, मी पुण्यात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वजन ७८ किलो, उंची पाच फूट दोन. वर्गातले बाकी सगळे जिमवाले, स्क्वॉटचे रील टाकतात. परवा ओपीडीत एक काकू म्हणाल्या, आधी तुम्ही करा हे व्यायाम, मग आम्हाला शिकवा. सगळे हसले. प्रॅक्टिकलला तसा प्रॉब्लेम नाही, मी रीडिंग लिहून घेते, मॉडेल व्हायला कोणीतरी असतंच. पण पेशंटसमोर लाज वाटते. क्रॅश डाएट करू की फील्डच सोडू?"

अगं, किलो, रील, काकू सगळं वाचलं आणि अडकले तू जाता जाता टाकलेल्या त्या एका ओळीवर. मॉडेल व्हायला कोणीतरी असतंच. म्हणजे दोन वर्षं संपली तरी बाकीच्यांच्या सरावासाठी तू प्लिंथवर, त्या तपासणीच्या पलंगावर, एकदाही झोपली नाहीस? आयएफटीचा, म्हणजे दुखऱ्या जागी देतात तो सौम्य करंट कसा लागतो ते तुला पुस्तकातूनच माहिती आणि पेशंटला सांगणार, मुंग्या आल्यासारखं वाटेल हं! कुणाची गार बोटं कमरेच्या हाडावर टेकली की अंग कसं आखडतं, चादर नीट टाकली नाही की कसं चोरट्यासारखं होतं, हे पेपरात विचारत नाहीत, पण हिला ते ठाऊक आहे की नाही हे पेशंटला लगेच कळतं.

आणि खरं सांगू, मला रागही आलाय, त्याला कारण माझा गुडघा. दुखायला लागला म्हणून एका ठिकाणी गेले, समोर इंटर्न मुलगा, गुणी होता बिचारा, गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, घेऊन मांडीच्या बाजूचं ते हाड, ग्रेटर ट्रोकँटर म्हणता ना तुम्ही, ते चाचपत बसला आणि सापडेचना, कारण माझी मांडी म्हणजे काय सांगू, तीनदा मोजलं आणि तीनदा वेगळा आकडा. मग त्यांच्या मॅडम आल्या, त्याची बोटं जागेवर ठेवली, माझा पाय नुसता आतबाहेर फिरवला, तेव्हा कुठे हाड बोटाखाली सरकलेलं त्याला कळलं. तोवर पोरानं सगळा सराव काटकुळ्या मित्रांवर केलेला! तुझ्या बॅचचं हेच होणार आहे आणि त्यात तुझाही हात आहे. गुडघे धरून येणाऱ्या बायका रीलमधल्यासारख्या नसतात गं, माझ्यासारख्या असतात, तुझ्यासारख्या असतात.

काकूंचं म्हणशील तर त्या दुसऱ्या दिवशी आल्या का? आल्या असतील तर विषय संपला. आणि क्रॅश डाएटचं नाव काढू नकोस, पेशंटला बेडवरून व्हीलचेअरवर घ्यायला मांड्यांत ताकद लागते, ती काय काकडी खाऊन येणारे?

पुढच्या प्रॅक्टिकलला "मॉडेल कोण?" असं विचारलं की हात वर कर. पोट-पाठ राहू दे, गुडघ्याने सुरुवात कर, शॉर्ट्स घालून जा, चादर मागून घे, पार्टनर तुझ्या पसंतीची मैत्रीण असू दे. तिला ट्रोकँटर सापडेपर्यंत उठू नकोस, पाच मिनिटं लागली तरी. पहिल्यांदा घाम फुटेल, फुटू दे. आणि रीडिंगची वही त्या दिवशी त्या स्क्वॉटवाल्यांपैकी कुणाच्या तरी हातात दे.