हॉटेलच्या लॉबीत प्रदर्शन लावताना चित्रं किती उंचीवर टांगावीत?

चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येऊ द्या. संग्रहालयांत १४५ ते १५५ ही पट्टी सर्रास वापरतात, कारण उभ्या माणसाची नजर तिथेच पडते. सोफ्यांसमोरच्या भिंतीवर मात्र थोडं खाली घ्या. बघणारा बसलेला असतो.

खरं तर उंचीपेक्षा उजेड सांभाळा. जलरंग, छापचित्रं, फोटो यांना ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) पुरे, तैलरंगाला २०० पर्यंत चालतो. लॉबीत दिवसा याच्या कितीतरी पट ऊन येतं, म्हणून काचेच्या दर्शनी बाजूसमोर कागदावरचं काम लावूच नका. एसीच्या झोताखाली तर काहीच नको. संगमरवराला भोकं पाडू देत नसतील तर छतालगत रेल बसवून तारांवर टांगा, पण खालचे कोपरे भिंतीला पक्के करा. सामानाच्या ट्रॉल्या धक्के देतातच.